ली नदीच्या दोन धारांमध्ये

गेल्या फेब्रुवारीत माझ्या भाचीचा बर्मिंगहॅमहून फोन आला. मे महिन्यात तिला सलग चार दिवस सुट्टी मिळणार होती, आयर्लंड तिने पाहिलेले नव्हते आणि "मावशी, तीन रात्रींत डब्लिन आटोपेल का गं?" असे ती विचारत होती. त्यातला 'आटोपेल' हा शब्द माझ्या मनात राहून गेला. मी तिला म्हटले की डब्लिन पुढे कधीही होईल, पहिल्या खेपेला तू कॉर्कला जा, आणि तिथे गेल्यावर कॉर्कमध्येच राहा. असे का, हे फोनवर तिला नीट सांगता आले नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते आहे. माझे यजमान एका औषध कंपनीच्या कामासाठी कॉर्कला दीड वर्ष होते आणि मी त्यांच्याबरोबर होते. त्या काळात घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी ते शहर पायी दाखवले. कोण कुठे रेंगाळतो, कोणाला कुठे कंटाळा येतो आणि कोणत्या चढावर दम लागतो, हे मला त्या फेऱ्यांमधूनच समजले.

आधी कामाच्या गोष्टी सांगून टाकते. भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनमध्ये नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्यालाही आयर्लंडचा वेगळा व्हिसा काढावा लागतो, आणि शेंगेनचा व्हिसा तिथे चालत नाही. म्हणून तिकिटांच्या आधी व्हिसाचे पाहावे. डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकातून कॉर्कला रेल्वेने अडीच तासांच्या आसपास लागतात, आणि कॉर्कला स्वतःचा विमानतळही आहे. मुक्कामाची खोली नदीच्या दोन धारांमधल्या मूळ गावात किंवा उत्तरेकडच्या मॅककर्टन स्ट्रीटवर घ्यावी, म्हणजे तीन दिवसांत बसची गरज जवळजवळ पडत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी तिथे जॅझ संगीताचा मोठा महोत्सव भरतो. त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर फार महाग पडतात. मे-जूनमध्ये रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो आणि तीन दिवसांचे साडेतीन झाल्यासारखे वाटतात. वाऱ्यामुळे छत्री टिकत नाही, तेव्हा टोपी असलेला रेनकोट आणि ओल्या दगडावर न घसरणारे बूट सोबत हवेत.

पहिल्या संध्याकाळी काहीही पाहायचे ठरवू नये, फक्त पाण्याच्या कडेने चालावे. कॉर्कचे आयरिश नाव 'कॉर्कॅग' आणि त्याचा अर्थ दलदल. ली नदी गावात शिरताना दोन धारांत फुटते आणि पूर्वेला पुन्हा एकत्र येते. मधल्या दलदलीतल्या बेटांवर हे गाव वसले आणि बेटांमधल्या अरुंद पाण्यावर एके काळी जहाजे थेट दारापर्यंत येत. अठराव्या शतकात त्यांतले बरेचसे पाणी झाकून त्यावर रस्ते केले गेले. मुख्य बाजारपेठेचा सेंट पॅट्रिक्स स्ट्रीट असा वळत का जातो, असे प्रत्येक पाहुणा विचारायचा. तो वळतो, कारण तो मुळात नदीचा फाटा आहे. आज आपण चालतो तिथून पूर्वी होड्या जात होत्या, हे एकदा कळले की त्या रस्त्यावरून चालण्याची आपली चालच बदलते.

मी सांगलीची. पावसाळ्यात "आयर्विनला किती फूट?", म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढले, हा प्रश्न ऐकत मी वाढले, त्यामुळे गावात नदी शिरते म्हणजे काय होते हे मला कोणी सांगावे लागत नाही. कॉर्कला नोव्हेंबर 2009 मध्ये मोठा पूर आला आणि शहराचा मध्यभाग पाण्याखाली गेला. आमच्या घरमालकीणबाई तो सांगताना भिंतीवर हाताने ज्या उंचीची रेघ दाखवत, अगदी तशीच रेघ 2019 च्या पुरानंतर माझ्या माहेरची माणसे दाखवतात. शिवाय ली नदीला भरती-ओहोटी आहे. सकाळी धक्क्याच्या भिंतीचा शेवाळलेला तळ दिसतो आणि संध्याकाळी तेच पाणी वर चढून आलेले असते. पहिल्या संध्याकाळी हे पाणी पाहिलेले असले की पुढचे दोन दिवस गावात रस्ता चुकत नाही, कारण कुठेही उतरत गेले तरी आपण दोन्हींपैकी एका धारेवर येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता न करता इंग्लिश मार्केटमध्ये जावे. हा छताखालचा बाजार 1788 पासून आहे आणि 1980 च्या आगीनंतर पुन्हा उभा राहिला. प्रिन्सेस स्ट्रीटच्या दाराने आत शिरावे, म्हणजे मधले कारंजे आणि वरचा सज्जा एकदम समोर येतो. तो रविवारी बंद असतो, म्हणून सहलीचे दिवस ठरवतानाच हे ध्यानात घ्यावे. मासळीचे ओटे फार मोठे आहेत, आणि ज्यांना मासळीचे कळते त्यांचा इथे एक तास सहज जातो. मेंढीच्या आणि गाईच्या रक्तापासून केलेले ड्रिशीन, ख्रिसमसच्या वेळचे मसाल्यात मुरवलेले बीफ, हे सगळे तिथे उघड्यावर मांडलेले असते. ज्यांना ते पाहवत नाही त्यांनी पाव, चीज आणि ऑलिव्हच्या बाजूने फिरावे. मला तिथली सर्वांत आवडती वस्तू म्हणजे लोणी चोळलेली अंडी. ताजे, अजून कोमट असलेले अंडे हातावर लोणी घेऊन चोळायचे, म्हणजे कवचाची छिद्रे बुजतात आणि अंडे बरेच दिवस टिकते. शीतकपाटाच्या आधीची ही युक्ती कॉर्कने सोडलेली नाही. अशी अंडी कवचावरच्या तकतकीवरून ओळखू येतात, आणि उकडल्यावर त्यांत लोण्याची अगदी पुसट चव उतरलेली असते. शाकाहारी माणसाने काळजी करू नये. लँकेस्टर की या धक्क्यावर पॅराडिसो नावाचे पूर्ण शाकाहारी उपाहारगृह 1993 मध्ये सुरू झाले आणि त्याचे नाव आयर्लंडभर आहे. ते स्वस्त नाही आणि जागा आधी राखून ठेवावी लागते, पण माझ्या सासूबाईंनी परदेशात समाधानाने घेतलेले एकमेव बाहेरचे जेवण तिथले होते.

बाजारातल्या माणसांशी बोलावे. कॉर्कच्या बोलण्याला एक हेल आहे, वाक्य चढते, उतरते आणि शेवटी पुन्हा वर जाते. पहिल्या आठवड्यात मला निम्मे कळत नसे. मग एके दिवशी लक्षात आले की शब्दांच्या मागे न लागता मालवणी ऐकतो तसा आधी हेल ऐकावा, शब्द आपोआप मागून येतात. घाई नसलेल्या गिऱ्हाइकाशी तिथले विक्रेते मनापासून बोलतात, पाव कुठल्या चीजबरोबर खावा हेही सांगतात.

तिथून उत्तरेची धार ओलांडून शँडनचा चढ चढावा. माझ्या मते कॉर्कमध्ये सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो इथे. सेंट ॲनच्या चर्चचे काम 1722 मध्ये सुरू झाले, आणि त्याच्या मनोऱ्याच्या दोन बाजू तांबड्या वालुकाश्माच्या तर दोन पांढऱ्या चुनखडीच्या आहेत; कॉर्कच्या खेळाडूंच्या अंगावरचे तांबडे-पांढरे रंग हेच. मनोऱ्याच्या टोकावर सोनेरी सामन मासा वाऱ्याबरोबर फिरतो. चारही बाजूंना घड्याळे आहेत, आणि पूर्ण तासाखेरीज ती चारही एक वेळ क्वचितच दाखवतात, म्हणून गावकरी मनोऱ्याला चार तोंडांचा खोटारडा म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांच्या आवाजात माया असते. वर जायला 132 पायऱ्या आहेत, शेवटच्या फारच अरुंद. पण पहिल्याच मजल्यावर आठ दोर लोंबत असतात आणि ते ओढून 1750 मध्ये ओतलेल्या घंटा कोणीही वाजवू शकतो. दोरांना आकडे आहेत, समोर आकड्यांत लिहिलेल्या चालींचे कागद ठेवलेले असतात, आणि आपण जे वाजवू ते सगळ्या शँडनला ऐकू जाते. माझ्या आईने, वयाच्या 71 व्या वर्षी, तिथे कागद बाजूला ठेवून आपल्या मनाने पाच-सहा सूर जुळवले होते. खाली उतरल्यावर दारात उभ्या असलेल्या एका आजोबांनी तिच्यासाठी टोपी काढली. या एका गोष्टीसाठी मी प्रत्येकाला शँडनला पाठवते.

चर्चच्या पायथ्याशी लोण्याचे संग्रहालय आहे. बहुतेक प्रवासी ते टाळतात, ही मोठी चूक आहे. कॉर्कच्या व्यापाऱ्यांनी 1770 मध्ये लोण्याचा बाजार सुरू केला आणि एकोणिसाव्या शतकात तो जगातला सर्वांत मोठा लोणीबाजार होता. पश्चिमेच्या डोंगराळ भागातून, केरीपासून, शेतकरी खारवलेल्या लोण्याची लाकडी पिंपे घोड्यांवर आणि गाड्यांवर घालून आणत, आणि त्यांच्यासाठी बांधलेल्या रस्त्यांना अजूनही लोण्याचे रस्ते म्हणतात. तपासनीस पिंपात लांब गिरमिटासारखे हत्यार खुपसून तळापर्यंतचा नमुना काढी, वास घेई, चव घेई आणि पिंपावर प्रतीची खूण करी. पिंप कोणाचे आहे हे त्याला कळू नये अशी व्यवस्था होती. या खुणेवर वेस्ट इंडीजपर्यंतचे गिऱ्हाईक विश्वास ठेवत असे. हे पाहताना मला आमच्या मार्केट यार्डातले हळदीचे सौदे आठवले, हळकुंड मोडून आतला रंग पाहणारे माझे आजोबा आठवले, आणि हरिपूरला जमिनीत खणलेली हळदीची पेवे आठवली. एका पदार्थाच्या पारखीवर उभ्या असलेल्या गावाला माणसाचा शब्द आणि माणसाची जीभ किती जपावी लागते, हे सांगलीच्या मुलीला समजावून सांगावे लागत नाही. पुढे कारखान्यांतले एकसारखे डॅनिश लोणी आणि स्वस्त मार्गारिन आले, आणि 1924 मध्ये कॉर्कचा बाजार बंद झाला. संग्रहालयात सुमारे 1000 वर्षांपूर्वी दलदलीत पुरून ठेवलेले लोण्याचे भांडे आहे. त्यासमोर मी दर वेळी बराच वेळ उभी राहिले आहे. कोणा बाईने ते टिकावे म्हणून पुरले आणि ती ते काढायला परत आली नाही.

दुपारी दक्षिणेकडे यावे. सेंट फिनबारचे कॅथीड्रल वास्तुविशारद विल्यम बर्जेसचे काम, 1870 मध्ये वापरात आले. बाहेरचे कोरीव काम आतल्यापेक्षा मला अधिक आवडते. जवळचा एलिझाबेथ किल्ला 1601 चा, प्रवेश विनामूल्य, तटावरून गाव दिसते, अर्धा तास पुरे.

विद्यापीठाला मात्र अर्धी दुपार द्यावी. ते 1849 मध्ये सुरू झाले तेव्हा गणिताचा पहिला प्राध्यापक म्हणून लिंकनच्या एका चांभाराचा मुलगा आला, ज्याच्याकडे स्वतःची विद्यापीठाची पदवी नव्हती. तो जॉर्ज बूल. हो आणि नाही, एक आणि शून्य यांवर चालणारे त्याचे बीजगणित आज आपल्या हातातल्या प्रत्येक यंत्रात आहे. कॉर्कमध्येच त्याने ते पूर्णत्वाला नेले, आणि 1864 च्या हिवाळ्यात तो भर पावसात घरून चालत आला, ओल्या कपड्यांनी वर्ग घेतला, त्यातून न्यूमोनिया झाला आणि तो गेला. त्याची पत्नी मेरी ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे काम ज्या लॅम्बटनकडून एव्हरेस्टकडे आले, तो लॅम्बटन 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. कॉर्कच्या त्या शांत चौकात उभे राहून मला हिंगणघाटची आठवण येत असे, आणि ती ओढूनताणून आलेली नसे. चौकाच्या कडेच्या दगडी ओवरीत ओगम या जुन्या आयरिश लिपीतले शिलालेख मांडले आहेत. दगडाच्या कडेवर आडव्या-तिरप्या रेघा, खालून वर वाचायच्या, आणि बहुतेकांवर फक्त अमक्याचा मुलगा तमका एवढेच. कुठलाही काचेचा आडपडदा नाही. जवळच होनन चॅपल आहे, 1916 चे. त्यातल्या हॅरी क्लार्कच्या निळ्या काचा ऊन असताना पाहाव्यात, म्हणून ढग फाटले की हातातले काम टाकून तिकडे जावे.

ब्लार्नीचा किल्ला शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे आणि तिथल्या दगडाचे चुंबन घेतले की वाक्चातुर्य येते अशी आख्यायिका आहे. बागा सुंदर आहेत, पण रांग लांब असते आणि तीन दिवसांतला अर्धा दिवस जातो. मोहरचे कडे एका दिवसात दाखवून आणणाऱ्या बसगाड्याही निघतात. त्यांत दिवसाचा बहुतेक वेळ खिडकीतून बाहेर पाहण्यात जातो. पहिल्या सहलीत दोन्ही सोडावे, असे मी ठामपणे सांगेन. शहराबाहेर एकच ठिकाण करावे, आणि ते म्हणजे कोव.

केंट स्थानकातून कोवची गाडी 25 मिनिटांत पोचते, आणि वाटेत रूळ पाण्याच्या इतके जवळ येतात की डब्यात समुद्राचा उजेड पडतो. 1848 ते 1950 या काळात आयर्लंड सोडून गेलेल्या सुमारे 60 लाखांपैकी 25 लाख माणसे या एका बंदरातून गेली. धक्क्यावर ॲनी मूर आणि तिच्या दोन धाकट्या भावांचा पुतळा आहे. ही मुलगी 1 जानेवारी 1892 रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरून अमेरिकेत शिरलेली पहिली स्थलांतरित. 'टायटॅनिक' 11 एप्रिल 1912 रोजी शेवटची थांबली ती इथेच, आणि 123 उतारू इथून चढले. 'लुसिटानिया' जहाज बुडाल्यावर 1915 च्या मे महिन्यात मृतदेह आणले गेले तेही इथे. स्थानकाशेजारचे प्रदर्शन चांगले आहे, पण त्याआधी कॅथीड्रलच्या चढावर जाऊन बंदराचे तोंड पाहावे. निरोप देणाऱ्यांना जहाज कुठपर्यंत दिसत असेल, ते तिथून कळते.

या समुद्राशी आपलेही एक नाते आहे आणि कॉर्कला गेलेल्या भारतीयाने ते जाणून असावे. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापलीकडे बॉम्बस्फोटाने पडले आणि 329 माणसे गेली. समुद्रातून 131 मृतदेह मिळाले, ते कॉर्कच्या रुग्णालयात आणले गेले, आणि ओळख पटवण्यासाठी नातेवाईक तिथे आले. कॉर्कच्या परिचारिकांनी, नाविकांनी आणि साध्या रहिवाशांनी त्या अनोळखी माणसांना आधार दिला. माझी शेजारीण तेव्हा शाळकरी होती. तिच्या आईने दोन रात्री नातेवाइकांसाठी चहा नेला होता, एवढेच ती मला सांगे आणि थांबे. स्मारक पश्चिमेला अहाकिस्ता या खेड्यात समुद्राकडे तोंड करून आहे, तिथे एक सूर्यघटिका आहे आणि भिंतीवर सगळी नावे आहेत. गाडी आणि एक जादा दिवस असेल तर जावे. नसेल तर कोवच्या चढावरून समुद्र पाहताना त्यांची आठवण तरी करावी.

शेवटची सकाळ फिट्झजेराल्ड पार्कला द्यावी. तिथल्या छोट्या संग्रहालयात टेरेन्स मॅकस्विनीची माहिती आहे. तो कॉर्कचा महापौर होता. त्याच्या आधीच्या महापौराला, तोमास मॅककर्टनला, मार्च 1920 मध्ये त्याच्या घरात गोळ्या घातल्या गेल्या होत्या. मॅकस्विनीला इंग्रज सरकारने पकडून लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ठेवले, त्याने अन्न सोडले आणि 74 व्या दिवशी, 25 ऑक्टोबर 1920 रोजी, त्याचे प्राण गेले. त्याच डिसेंबरात सरकारी दलांनी कॉर्कचा मध्यभाग जाळला. ज्या सेंट पॅट्रिक्स स्ट्रीटवरून आपण पहिल्या संध्याकाळी चालतो, त्याची एक बाजू त्यानंतर पुन्हा बांधलेली आहे. टिळकांच्या होमरूल लीगचे नावच आयर्लंडवरून आलेले होते, आणि त्या पिढीने इकडच्या बातम्या घरच्यासारख्या वाचल्या. लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास 63 दिवसांच्या उपोषणानंतर 13 सप्टेंबर 1929 रोजी गेले तेव्हा मॅकस्विनीच्या घरच्यांनी भारताला शोकाची तार पाठवली होती.

संग्रहालयातून बाहेर पडले की बागेच्या कडेला नदीवर एक पायपूल लागतो. त्याचे नाव डॅलीचा पूल, 1927 चा, म्हणजे आमच्या आयर्विनपेक्षा दोनच वर्षांनी मोठा. लोक त्याला हलता पूल म्हणतात, कारण त्यावरून चालले की तो थरथरतो. मध्यंतरी तो काढून नेऊन दुरुस्त केला आणि 2020 च्या अखेरीस पुन्हा उघडला, तेव्हा त्याचे हलणे जाऊ नये याची मुद्दाम काळजी घेतली गेली. भाचीला मी लिहिले आहे की सामान खोलीवरच ठेव, रिकाम्या हाताने तिथे जा आणि मध्यावर थांब. समोरून कोणी येऊ लागले, तर ते माणूस जवळ येण्याआधी त्याची पावले तुझ्या तळव्यांना कळतील.